आधी सही

माजरखेडच्या श्रमिक सार्वजनिक वाचनालयात शिरलं की डाव्या हाताला इंटरनेट वापराच्या नियमांचा फलक लागे. सात नियम, निळा रंग, अक्षर न् अक्षर सुटं. हा फलक रंगाऱ्यानं केलेला नव्हता. डोमाजी ताकसांडेनं दोन दिवस स्टुलावर बसून तो स्वतः लिहिला होता. छत्तिसाव्या वर्षी अक्षरओळख झालेल्या माणसाला कुणी फलक लिहायला सांगावं, हे त्याला एकाहत्तराव्या वर्षीही पुरतं खरं वाटत नसे. येता-जाता तो फलकाकडे एकदा बघून घेई. चौथा नियम होता, ‘पडद्याच्या कोपऱ्यातले नाव आपलेच आहे याची खात्री करा.’ त्यातली ‘त्री’ जराशी तिरपी गेली होती, तेवढं एक त्याला खुपे.

त्या बुधवारी तो आला तेव्हा लटारी मडावी नेहमीच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसला होता. दोघांनी एकाच भुयारी खाणीत एकोणतीस वर्षं कोळसा भरला. ती खाण बंद पडून दहा वर्षं झाली, पण यांची पाळी काही सुटली नव्हती. साडेआठला वाचनालय उघडे आणि पावणेनऊला हे दोघे हजर.

“सोड ना बे पेपर,” डोमाजी म्हणाला. “रोज एकच पान धरून बसतोस. वाचून राहिला का पाठ करून राहिला?”

“चष्मा फुटला माहा.”

“त्याला तीन आठवडे झाले. काच घडवायला वेळ लागतो का इतका?”

“वेळ!” लटारीनं तोंड वाकडं केलं. “तू तो ळ नोको काढत जाऊ बावा. तोंडात सुपारी अडकल्यावानी वाटते.”

डोमाजी हसला. त्या मुलखात कोळशाला कोयसा म्हणतात आणि डोळ्याला डोया. ळ तिथं कुणाच्या तोंडात नाही. तो फक्त कागदावर भेटतो. डोमाजीला तो भेटला तेव्हा त्यानं त्याला तोंडातही घेतला, आणि लटारीनं पस्तीस वर्षं त्यावरून त्याची टिंगल केली.

तेवढ्यात डोमाजीचा फोन वाजला. हॉलमध्ये बोलायचं नाही, हा पहिला नियम. तो व्हरांड्यात आला. नागपूरहून मुलगी करुणा बोलत होती. ती तिथं एका रुग्णालयात परिचारिका होती.

“बाबा, बरे आहात ना?”

“मले काय धाड भरली?”

“मला तुमच्या वाचनालयाचं पत्र आलंय. काळजी-पत्र. ऐका. ‘आपले वडील यांच्या गेल्या सहा आठवड्यांच्या वाचनात व शोधांत स्मृती मंदावल्याची लक्षणे दिसत आहेत. पंधरा दिवसांत वैद्यकीय दाखला न आल्यास त्यांचे सदस्यत्व श्रोता वर्गात बदलण्यात येईल.’”

“खाली सही कोनाची आहे?”

“बाबा, मी काय विचारतेय—”

“सही कोनाची आहे, ते सांग.”

“सही नाही. ‘हे पत्र संगणकावर तयार झाले असल्याने सहीची आवश्यकता नाही,’ असं लिहिलंय. मी शनिवारी येते. परतीची दोन तिकिटं काढलीत. तुम्ही माझ्याबरोबर येताय.”

फोन बंद झाल्यावरही डोमाजी व्हरांड्यातच उभा राहिला. श्रोता वर्ग त्याला माहीत होता. श्रोता झालेल्यापुढे पडदा उघडत नाही. त्याच्या कानाला यंत्र लावतात, आणि निवडून ठेवलेलं काहीबाही ते वाचून दाखवतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात डोमाजीची छत्तीस वर्षं गेली होती. आता पुन्हा तिथंच नेऊन बसवणार म्हणजे.

ही भानगड वाचनठशाची होती.

आधी वाचनालयातल्या संगणकांना परवलीचे शब्द असत. लोक ते विसरत, एकमेकांना देत, भिंतीवर लिहून ठेवत. कुणी खातं उघडं टाकून उठे आणि दुसरा त्या नावानं भलतंच काही पसरवी. एकदा तर गावच्या टाकीत विष पडल्याची थाप अशाच एका बिचाऱ्या शिक्षिकेच्या नावावर निघाली. पुढं शास्त्रज्ञांना एक उपाय सापडला. वाचताना माणसाचा डोळा ओळीवरून पाण्यासारखा वाहत नाही, चिमणीसारखा उड्या मारतो. इथं टेकला, तिथं टेकला, अडला की मागं आला. कुठं टेकायचं, किती वेळ टेकायचं, कुठल्या जोडाक्षरापाशी मागं फिरायचं, ही चाल, म्हणजेच वाचनठसा, ज्याची त्याची वेगळी असते. लहानपणी आपण अडखळत वाचायला शिकतो तेव्हाच ती मेंदूत मुरते आणि सहसा बदलत नाही. पडद्याखालचा बारीक कॅमेरा ही चाल बघतो. दोन मिनिटं काहीही वाचा, पडद्याच्या कोपऱ्यात तुमचं नाव येतं. ज्याचा शोध, त्याच्या नावावर. थापा थांबल्या, हे खरं होतं.

चाल बघता बघता यंत्राला आणखी एक गोष्ट दिसू लागली. वर्षानुवर्षं ठरलेली चाल मंदावली, डोळा एकाच शब्दाभोवती घोटाळायला लागला, तर त्या माणसाच्या डोक्यात काही बिघडत असण्याचा संभव असतो. घरच्यांना लवकर कळलेलं बरं, म्हणून काळजी-पत्रं सुरू झाली. नावनोंदणीच्या वेळी डोमाजीनं ते कलम वाचलं होतं आणि खाली सहीही केली होती. म्हणजे फसवलं म्हणायचीही सोय नव्हती.

तो आत गेला. ग्रंथपाल रसिका बोढे पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवत होती.

“मॅडम, माह्या नावावर काय काय शोधलं गेलं, ते पाहता येते का?”

“तुमचं तुम्हाला येतं, काका. दुसऱ्याचं नाही दाखवता येत.”

तिनं यादी काढली. डोमाजीची नजर सवयीनं आधी तळाशी गेली, मग वर आली. रोपांची माहिती, जुनी गाणी, नागपूरच्या बसच्या वेळा हे त्याचं होतं. मधेमधे दुसरंच काहीतरी होतं. ‘शिकलेली अक्शर विसरतात का.’ ‘सतरा आनि अकरा सारके दिसने.’ ‘विसरन्याचा आजार लपवता येतो का.’ असे अकरा शोध होते आणि सगळे मंगळवारचे. मंगळवारी डोमाजी आठवडी बाजारात असे.

शेवटचा शोध होता, ‘कोयशाचा ळ कसा काडतेत.’

डोमाजीनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत घातला.

“हे माहे नाहीत मॅडम.”

“मलाही तसंच वाटतंय. तुम्ही तक्रार द्या. मग ठसा-पडताळणी होते. ज्यांची चाल तुमच्याशी जुळते त्या सगळ्यांना बोलावून यंत्रासमोर पुन्हा वाचायला लावतात. ज्याचे शोध असतील तो एका दिवसात सापडतो.”

“आणि मग?”

“मग काळजी-पत्र त्याच्या घरी जातं.”

“तक्रार आत्ता नोको,” डोमाजी म्हणाला.

‘कोळशाचा ळ’ हे जगात एकाच वर्गात शिकवलं गेलं होतं. खाणीच्या तोंडाशी एक फळा असे. प्रत्येक पाळीआधी सुरक्षा बघणारे करीम सरदार खाली उतरून वायू आणि छत तपासत, वर येऊन फळ्यावर लिहीत आणि खाली सही करत. एकदा फळ्यावर कालचाच मजकूर राहिला. ‘वायू नाही. छत ठीक.’ करीम सरदार त्या दिवशी रजेवर होते. आदल्या पाळीची सही पुसलेली होती आणि नवी सही नव्हती. बाकीचे अंगठाबहाद्दर सरदाराची वाट बघत बाहेर बसून राहिले. वाचता येणारे दोघे वरून वाचून पुढं गेले. छत बसलं. त्या दोघांना बाहेर काढायला दीड दिवस लागला.

त्यानंतर पाळी सुटल्यावर करीम सरदारांनी त्या फळ्यासमोरच वर्ग सुरू केला. खाणीचा ण, कोळशाचा ळ. “बोलताना कोयसा बोला, लिहिताना कोळसा लिहा. आणि आधी सही बघा, मग मजकूर. कोण सांगतंय ते कळल्याशिवाय काय सांगतंय ते वाचू नका.” दुसरा नियमही तेवढाच कडक होता. “कोऱ्या कागदावर सही करणाऱ्याचं मी तोंड बघणार नाही.” त्या वर्गातून एकोणीस जण वाचते झाले. सगळ्यांचा डोळा आधी तळाला जाई, मग वर, मग बोटामागून एकेक अक्षर. लहानपणी प्रत्येक जण आपापल्या अडखळण्यानं शिकतो म्हणून ठसे वेगळे पडतात. हे एकोणीस जण मोठेपणी, एका फळ्यापुढं, एका माणसाच्या छडीमागून शिकले होते. यंत्राच्या लेखी ते जवळजवळ एकच माणूस होते. त्यांतले दोनच आता उरले होते. लटारी भराभर वाचे, डोमाजी सावकाश. एवढ्या फरकावर यंत्र दोघांना ओळखत असे. आता लटारी मंदावला होता आणि मंदावता मंदावता डोमाजीच्या चालीवर आला होता.

गुरुवारी डोमाजी टोल्यावर, लटारीच्या वस्तीवर गेला. लटारी अंगणात मोहाच्या पानांच्या पत्रावळी टाचत बसला होता. त्याच्या खिशातून चष्म्याची दांडी डोकावत होती.

डोमाजीनं चष्मा उपसला आणि उजेडाकडे धरला. दोन्ही काचा शाबूत होत्या.

“फुटला म्हणे.”

लटारीनं पुढचं पान उचललं.

“कोयशाचा ळ कसा काडतेत,” डोमाजी म्हणाला. ही एवढी ओळ त्यानं लटारीच्या बोलीत म्हटली.

लटारीच्या हातातली काडी मोडली. तो म्हणाला, “पयला तोच गेला. तोंडात नाही ना तो. निस्ता डोयात होता. डोयातून गेला का गेलाच. आता ज्ञ बी जाऊन रायला.”

“आणि कोपऱ्यात नाव येते, ते पाहिलं नाही तू?”

“पायलं.”

“माहं नाव होतं ते, लटारी.”

“हाव. तेवढं वाचता येते मले अजून.” लटारीनं मान वर केली नाही. “पयल्या दिवशी म्हटलं, उठून मॅडमले सांगतो. मंग म्हटलं, बरं झालं. डोमाच्या नावावर जाऊ दे. त्याले कोन काय म्हनते? त्याची पोरगी शिकलेली हाय.”

“पोरगी शनिवारी येऊन राहिली मले न्यायला. माहा पडदा बंद होणार आहे. चौथा नियम मी लिहिला बे. माह्या हाताने. तो काय शोभेला टांगला का?”

“मंग दे ना तक्रार! काहून नाही देली?”

अंगणात एक कोंबडी पानांवरून चालत गेली. लटारीनं तिला हाकलली नाही.

“टोल्याचे सगये कागद माह्यापाशी येतात,” लटारी हळूच म्हणाला. “दवाखान्याचे, तहसीलचे. मागच्या महिन्यात झिबलाबाईचा कागद वाचला. सतरा तारखेले बोलावलं होतं, मी अकरा सांगतलं. म्हातारी सहा दिवस आधीच गेली, उन्हात बसली आनि वापस आली. काही झालं नाही तिले. पन त्या दिवसापासून चष्मा फुटला.”

“डॉक्टरकडे जा.”

“जाईन ना. पन मीच सांगीन माह्या पोराले. त्या मशिनीनं काहून सांगावं? तिनं माहं वाचलं, मी तिचं कधी वाचलं?”

“कधी सांगशील?”

“सांगतो ना! तू काय सरदार लागून गेला का?”

डोमाजीनं चष्मा त्याच्या मांडीवर ठेवला आणि तो निघाला. फाटकापाशी येऊन वळला. “आजार आहे, तो काही तुहा गुन्हा नाही,” तो म्हणाला. “कोपऱ्यातलं नाव पाहूनही बसून राहिला, तो गुन्हा आहे.” लटारीनं ऐकलं की नाही, ते त्याला कळलं नाही.

शुक्रवारी लटारी वाचनालयात आला नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा डोमाजीला पेपर न भांडता मिळाला. त्याला तो वाचवला नाही.

शनिवारी करुणा थेट वाचनालयातच आली. तिनं आधी वडिलांना बघितलं, मग ग्रंथपालाला, मग ते पत्र टेबलावर ठेवलं.

“मॅडम, पंधरा दिवस कशाला? मी आजच घेऊन जाते.”

“थांब,” डोमाजी म्हणाला. “मले एकच विचारायचं आहे. बोढे मॅडम, यात जे लिहिलं आहे त्याच्याखाली तुम्ही सही करता?”

रसिका गोंधळली. “मी कशी करू काका? मी डॉक्टर थोडीच आहे.”

“करुणा, तू कर. तू दवाखान्यातली.”

“बाबा, तपासल्याशिवाय मी कशी सही करणार?”

“म्हणजे मॅडम करत नाही, तू करत नाहीस आणि मशीन तर म्हणते सहीची गरजच नाही. मग मले हे सांगून राहिला तरी कोण?” त्यानं कागद तिच्याकडे सरकवला. “कालचा मजकूर पाहून खाणीत उतरणारे दोघं मी पाहिले आहेत, पोरी.”

करुणा खाली बसली. तिनं कामातल्या सवयीनं त्याला आजची तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, फलक वाचून दाखवायला सांगितला. डोमाजीनं आकडे मोजून सांगितले. फलक वाचताना आधी तळाची ‘व्यवस्थापक मंडळ’ ही ओळ वाचली, मग पहिला नियम.

“हे असं खालून का?”

“आमच्यात असंच वाचतात.”

“तुम्हाला काही झालेलं दिसत नाही,” ती म्हणाली. “मग हे शोध कुणाचे आहेत?”

“ते मी सांगणार नाही.”

“बाबा, नाही सांगितलं तर ते तुमचेच धरतात. दाखला आणला तरी पुढं पुन्हा पत्र येईल. शेवटी तुमचा पडदा बंद होणार.”

“होऊ दे.”

रसिकाच्या हातात तक्रारीचा अर्ज होता. तिनं तो पुढंही केला नाही आणि खालीही ठेवला नाही.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. लटारी आत आला. धुतलेला सदरा, नाकावर चष्मा आणि हातात वहीतून फाडलेला एक कागद. करुणाला बघून तो म्हणाला, “आली का पोरी? मोठी झाली बे हे तर.” मग त्यानं कागद डोमाजीपुढं ठेवला.

डोमाजीची नजर आधी तळाला गेली. ‘लटारी सोमा मडावी.’ अक्षरं जराशी कापरी होती, पण सगळी होती. मग नजर वर गेली. वर काहीच नव्हतं. कागद कोरा होता.

डोमाजीनं कागद उलटून बघितला. मागंही कोरा.

“हे काय बे?” त्याचा आवाज उतरला. “कोऱ्या कागदावर?”

“हाव.”

“सरदारांनी तुहं तोंड पाहिलं नसतं.”

“सरदाराच्या येळी मजकूर लिवता येत होता मले. काल चार कागद खराब केले. अर्ज म्हनून बसलो का अ च्या पुढचं सुचतच नाही. मंग म्हटलं, सही अजून येते, ते आधी करून ठेवतो. उद्या ते बी गेली तं?” तो बाकावर टेकला. “जन्मात कोनाले कोरा कागद देला नाही मी. आता तू लिव. मी सांगतो तेवढंच. दोन शब्द जास्त घालशील तं पाय.”

करुणानं लटारीकडे बघितलं, मग वडिलांकडे. तिला सगळं समजलं. पिशवीतून पेन काढून तिनं वडिलांपुढं ठेवलं.

“सांग,” डोमाजी म्हणाला.

“लिव. ते अकरा शोध माहे हायत. कोपऱ्यात दुसऱ्याचं नाव दिसत असूनही मी उठलो नाही, ते चुकलं. नियम चार.” तो थांबला, डोमाजीचा हात थांबेपर्यंत थांबला. “माही अक्षरं जाऊन रायली. हे मी माह्या पोराले काल सांगतलं. मशिनीनं सांगू नोये. आनि बाकीच्याईच्या घरी पत्र धाडाचं असन तं आधी त्या मानसाले बोलवावं, आनि कोन्या जित्या मानसानं खाली सही करावी. झालं?”

“झालं.”

“मॅडम, हे चालते का?”

रसिका बोढेनं हातातला तक्रारीचा अर्ज खाली ठेवला. “वर कळवावं लागेल. तिथं काय म्हणतील ते माहीत नाही,” ती म्हणाली. “पण इथून जाणाऱ्या पत्रावर आजपासून मी सही करीन. आणि ज्याचं पत्र त्याला आधी दाखवल्याशिवाय करणार नाही.”

“काका, दुपारच्या बसची माझ्याकडे दोन तिकिटं आहेत,” करुणा लटारीला म्हणाली. “सोमवारी आमच्याकडे मेंदूचे डॉक्टर असतात. मुलाला कळवा आणि चला. लवकर आलात तर अक्षरं जायचा वेग कमी करता येतो. थांबवता येईलच असं मी सांगत नाही.”

“खरं बोलते तुही पोरगी,” लटारी डोमाजीला म्हणाला. “तिकीट तुह्या नावाचं आनि बसू मी. आता हे बी दुसऱ्याच्याच नावावर!”

डोमाजीला हसू आलं. त्यानं कागद लटारीपुढं सरकवला. लटारीनं चष्मा नीट केला, ओळींवर बोट ठेवलं, आणि थोड्या वेळानं बोट उचललं.

“तूच वाचून दाखव. सांगतल्यावानी लिवलं का नाही, पायतो.”

“कुठून वाचू?”

“कुठून म्हंजे काय बे? खालून.”

डोमाजीनं कागद दोन्ही हातांत धरला आणि आधी नाव वाचलं.